परसूअण्णांचा सीझन

भर पावसात स्वतःच्या घरात, स्वतःच्या छपराखाली, छत्री उघडून जेवायला बसणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. त्यांचे नाव परशराम. वाडीत लहानथोर सगळे परसूअण्णा म्हणतात. डाव्या हातात छत्रीचा दांडा, उजव्या हातात भाताचा घास, आणि ताटाभोवती गळते पाणी झेलायला मांडलेली चार पातेली, असे ते दृश्य जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्याकडे कोणालाही पाहायला मिळे.

घर गळत होते याचे कारण गरिबी नव्हे. अण्णा रेल्वेतून निवृत्त झालेले, आणि आमच्या अठरा घरांच्या वाडीत स्लॅबचे घर एकट्या त्यांचेच. बाकी आम्ही सगळे कौलांखालचे. पण कर्नाटकातल्या आमच्या जोयडा तालुक्याच्या पावसापुढे नुसता स्लॅब टिकत नाही. जवळच्या रामनगरात ज्यांनी ज्यांनी स्लॅब घातला, त्यांनी दुसऱ्या वर्षी त्यावर पत्रे चढवले. अण्णांनी चढवले नाहीत.

“अण्णा, घरात बसून छत्री कशाला वो?” शेजारच्या रखमाक्का दर वर्षी एकदा तरी विचारत.

“घर मी पावसासाठी बांदलंय व्हय? वाऱ्यासाठी बांदलंय.”

“मग पावसासाठी?”

“पावसासाठी छत्री हाय की!”

“एक पत्रा घाला की वर. सगळी घालत्यात.”

यावर अण्णा छत्री मिटून उभे राहत, मग अंगावर पाणी पडले तरी पर्वा नाही. “अक्का, वाऱ्यात उडालेला पत्रा बगितलाय कधी? तलवार असते तलवार! माझ्या घरचा पत्रा उडायचा आनी तुझ्या मानेवर बसायचा. मी आत सुखात, आनी तू?”

आपल्या मानेच्या काळजीपोटी हा गृहस्थ चार महिने भिजतो आहे, हे रखमाक्कांना असे दर वर्षी नव्याने कळे. त्या घरी जाऊन एक पातेले आणून देत.

या छत्रीमागचे तर्कशास्त्र कळण्यासाठी आधी अण्णांचा सीझन समजून घ्यावा लागतो. अरबी समुद्रात वादळे वर्षातून दोन वेळा उठतात, पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळ्याच्या नंतर. अण्णांच्या भाषेत, “शीजन दोन. एक मिरगाच्या म्होरं, एक दसऱ्याच्या मागनं. मदला पाऊस म्हंजे सुट्टी.” ज्या पावसात आमचे रस्ते बंद होतात, वीज आठ-आठ दिवस जाते आणि शाळेच्या भिंतींना शेवाळ धरते, तो पाऊस अण्णांच्या हिशेबी सुट्टीचा. खरा धोका समुद्रातून येणार, आणि तो गोल फिरत येणार.

आता समुद्र आमच्यापासून किती दूर, हे सांगायला हवे. कॅसलरॉकहून आगगाडी घाट उतरते, पुढे गोव्यात शिरते, आणि वास्कोला पोचेपर्यंत अर्धा दिवस मोडतो. वाडीतल्या अर्ध्या बायकांनी समुद्र पाहिलेला नाही. आमच्या आणि समुद्राच्या मध्ये सह्याद्रीची भिंत आणि दाट जंगल. तरीही वादळाच्या भीतीने झोप उडालेला किनाऱ्यावरचा कोळीही बांधलेला नसेल, इतके अण्णा त्या समुद्राशी बांधलेले होते.

वर्षातून दोनदा, सीझनच्या तोंडावर, ते बाकीच्या सतराही घरी फिरत. अंगात रेल्वेचा जुना निळा कोट, पायात रबरी बूट, हातात चौकोनी वही. दारात उभे राहून ते म्हणत, “शीजन लागला. मी सांगावा धाडला की माझ्याकडं यायचं. भांडी नगं, गाठोडी नगं, नुसती मान्सं घिऊन यायचं. किती हायसा घरात?”

प्रत्येक घरात किती माणसे हे त्यांना आमच्याहून चांगले ठाऊक असे. तरी ते विचारत आणि वहीत मांडत.

“पाच,” दूध डेअरीवाला सिद्धाप्पा सांगे. “म्हस धरून सा.”

“म्हशीला आत घेनार न्हाई. तिला परड्यात मोकळी सोड. झाडाखाली बांदून ठेवशील तर बग. येतासा न्हवं?”

“व्हय, व्हय, येतो की. जेवन काय असंल?”

“कुळथाचं पिटलं आनी भात.”

“मग नक्की येतो!”

आणि अण्णांची पाठ वळली की कट्ट्यावर हशा पिकत असे. त्यांच्या खोलीत जायचे म्हणजे वाऱ्यापासून वाचायचे आणि गळतीत भिजायचे, असे सिद्धाप्पा म्हणे, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

अण्णांची जगाकडे एवढी एकच मागणी होती: मी बोलावीन त्या दिवशी माझ्या खोलीत या. त्यांना निवृत्त होऊन आठ वर्षे झाली. या आठ वर्षांत त्यांच्याकडे आसऱ्याला एकही माणूस गेला नाही. या वर्षी मात्र त्या मागणीला मुदत लागली. त्यांची बायको खूप आधी वारली. मुलगी सुमन वास्कोला दिलेली. तुळशीचे लग्न झाले की बापाला घेऊन जायचे, असे तिने ठरवून टाकले. फोनवरची त्यांची बोलणी सगळी वाडी ऐके, कारण दोघेही घाटाच्या अलीकडून पलीकडे हाक मारल्यासारखे बोलत.

“बाबा, तुम्ही एकटे कशाला राहता तिथं? इथं आमच्याकडे कोणी वादळाला घाबरत नाही.”

“तेच म्हंतो मी! घाबरत न्हाईसा, आनी ऱ्हातासा कुठं? पान्याच्या तोंडावर!”

पण दसऱ्याला भेटले तेव्हा ते मला हळू आवाजात म्हणाले, “गुरुजी, ह्या शीजनला मी सांगावा धाडनार. एक घर जरी आलं तरी मी हितंच ऱ्हातो. न्हाई आलं तर सुमनचं बरोबर. कुनासाठी ऱ्हायाचं मग?”

मी वाडीच्या शाळेत मास्तर आहे. अण्णांना हसणाऱ्यांत मी होतो, हे मला पुढे सांगायचेच आहे. पण आधी त्यांच्याविषयी थोडे अधिक, कारण माझ्या कबुलीपेक्षा अण्णा निश्चितच अधिक वाचनीय आहेत.

रेल्वेत ते गस्त घालणारे होते. पावसाळ्यात कॅसलरॉकच्या खाली घाटात रुळावरून चालत जायचे, दरड आली आहे का, झाड पडले आहे का ते पाहायचे, आणि दुसऱ्या टोकाला पोचून सांगायचे की काही झालेले नाही. उभा जन्म मैलोगणती चालून ‘काही झालेले नाही’ हा निरोप पोचवणे, एवढीच त्यांची नोकरी. मला वाटते, जो माणूस तीस-पस्तीस वर्षे हे काम मनापासून करतो, त्याला काही न घडण्यामागे किती चालावे लागते हे आपल्यापेक्षा चांगले कळते. आपल्याला वाटते की काही घडले नाही म्हणजे त्याने काही केले नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या खोलीच्या भिंतीवर निळीने अरबी समुद्र रंगवला. डावीकडे ओमान, वर गुजरात, खाली लक्षद्वीपचे चार ठिपके, आणि उजवीकडे आमची वाडी. तीही ठिपकाच, पण मुंबईपेक्षा मोठा.

“अण्णा, मुंबई एवढीशी आणि आपली वाडी एवढी?”

“मुंबईची काळजी करनारी मान्सं लई हायत.”

वादळ म्हणून रेल्वेच्या कोटाचे पितळी बटण. रेडिओवर बातमी ऐकायची आणि कणकेच्या गोळीने बटण भिंतीवर पुढे सरकवायचे. एका वर्षी लक्षद्वीपजवळचे बटण सकाळी जागेवर नव्हते. अण्णा धावत माझ्याकडे आले. वादळ विरले की काय, रेडिओ तर काही सांगत नाही. जाऊन पाहतो तो उंदराने कणीक खाल्लेली आणि वादळ खाली पातेल्यात पडलेले. अण्णांनी ते पुसले, नवी कणीक लावली, आणि भिंतीकडे पाहत गंभीरपणे म्हणाले, “उंदराला कळतंय व्हय, कुठल्या टायमाला काय खायाचं?”

वादळांची सरकारी नावे त्यांच्या जिभेवर बसत नसत. म्हणून त्यांनी वाडीतल्या माणसांची नावे द्यायला सुरुवात केली. एक वादळ किनाऱ्याजवळ आले, मागे फिरले, पुन्हा आले, पुन्हा थांबले. त्याचे नाव ‘रखमाक्का’, कारण ‘निघते, निघते’ म्हणून दारात तासभर उभ्या राहणाऱ्या रखमाक्का सगळ्यांना ठाऊक होत्या. एकाने रेडिओवर मोठा गाजावाजा केला आणि साधी झुळूकही न देता ते समुद्रातच संपले. त्याला पंचायतीच्या एका सभासदाचे नाव मिळाले आणि त्यावरून महिनाभर अबोला झाला. एक वादळ माझ्याही नावाचे होते. त्याची ख्याती अण्णांनी मला तोंडावरच सांगितली. “गुरुजी वादळ, म्हंजे लई हुशार. सगळं जानतंय. पन जाग्यावरनं हलत न्हाई.”

तेव्हा मी हसलो. नंतर मला त्यात दोष काढता आला नाही.

आता माझी गोष्ट. अण्णा घरोघरी फिरू लागले तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वर्गात एका मुलीने विचारले, “गुरुजी, समुद्रातलं वादळ आपल्याकडे येणार काय?” तिची आजी घाबरली होती. मी फळ्यावर समुद्र काढला, घाट काढला, घाटामागे आमची वाडी काढली, आणि म्हणालो, “घाट हे आपले दार आहे. ते कायमचे लावलेले आहे.” वाक्य मला आवडले. शिक्षकाला स्वतःचे वाक्य आवडले की तो ते पुन्हा म्हणतो, मीही म्हणालो. संध्याकाळी शाळा सुटल्यावर पोरे अण्णांच्या घरासमोरून ओरडत गेली, “अण्णा, दार लावलंय! अण्णा, दार लावलंय!” ते वाक्य कोणाचे आहे हे अण्णांना कळायला वेळ लागला नाही. पुढच्या सीझनला त्यांनी माझ्या दारात उभे राहून नेहमीसारखेच विचारले, “किती हायसा घरात?”

मग एका मे महिन्यात, काही वर्षांपूर्वी, एक वादळ खरेच किनाऱ्याच्या कडेकडेने वर सरकू लागले. सकाळी आभाळ तांबूस-करडे झाले होते. अण्णांनी पहिल्यांदा सांगावा धाडला, म्हणजे कोट घालून स्वतःच निघाले. “आज यायचं. दुपारच्या आत यायचं. चूल पेटवलीय.” डेअरीसमोर दूध घालायला माणसे जमली होती. अण्णा बोलले आणि सगळे माझ्याकडे वळून पाहू लागले. मी तसा हळू बोलणारा माणूस आहे. पण हळू बोललेले पुष्कळदा लांबवर ऐकू जाते. मी म्हणालो, “घाट आहे मध्ये. काही गरज नाही.”

अण्णा तिथेच होते. त्यांनी वही मिटली आणि ते गेले.

दुपारनंतर वारा सुटला. तो वादळाचा नुसता काठ होता, पण आमच्या कौलांना तेवढा पुरला. सुपारीची झाडे दोरीसारखी वाकली, सिद्धाप्पाचा फणस गोठ्यावर पडला, माझ्या स्वयंपाकघरावरची कौले एकामागून एक निघून गेली. मी, माझी बायको आणि आमची म्हातारी आई पलंगाखाली शिरलो. घाटाचे दार उघडे कसे राहिले, असे आईने मला विचारले नाही. तिला फळ्याची हकीकत ठाऊक नव्हती. बायकोला ठाऊक होती. ती माझ्याकडे न पाहता आईच्या अंगावर चादर ओढत राहिली, आणि ते मी अजून विसरलेलो नाही. इतके होऊनही अण्णांकडे कोणी गेले नाही. वाऱ्यात जायला भीती वाटत होती, आणि ओशाळल्यासारखेही झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा शिडी खांद्यावर घेऊन घरोघर फिरले. दारात एकच प्रश्न. “मान्सं सगळी हायत न्हवं?” आणि मग वर चढून कौले परतायला लागत. माझ्या घरावर ते दोन तास होते. मी खालून एकेक कौल वर देत होतो. माफी मागायची असे चार-पाच वेळा ठरवले, आणि प्रत्येक वेळी एक कौल वर दिले. ते उतरल्यावर मी चहा विचारला. ते म्हणाले, “आज चालंल,” आणि उभ्यानेच घोटभर पिऊन सिद्धाप्पाच्या गोठ्याकडे गेले.

नंतर कळले, त्या दिवशी त्यांनी अठरा घरांचे पिठले केले होते. ते पुढचे दोन दिवस एकटे खात होते.

त्यानंतरही दर सीझनला ते फिरत राहिले. माणसे पुन्हा हसू लागली, जरा कमी. मी हसत नव्हतो, पण जातही नव्हतो. सांगावा आलाच नाही, हे माझ्या सोयीचे कारण.

या वर्षी दसऱ्यानंतर एका सकाळी अण्णांनी मला घरी बोलावले. “गुरुजी, माझं अक्षर चांगलं न्हाई. एक यादी लिवायची हाय.” जायची तयारी म्हणून त्यांनी सामान वाटून टाकायचे ठरवले होते. मी त्या खोलीत इतका आत प्रथमच गेलो. पाऊस संपला होता, फरशी कोरडी होती, आणि निळ्या प्लास्टिकच्या पिंपांतून काढलेल्या चटया त्यांनी उन्हे देऊन खोलीभर अंथरल्या होत्या. अठरा चटया. प्रत्येकीच्या कोपऱ्याला सुतळीने बांधलेली पत्र्याची चकती आणि तीवर घराचे नाव. उशाशी एकेक थाळी पालथी.

“ही सिद्धाप्पाची. ही अक्काची. ज्याची त्याला देऊन टाका. माझ्या माघारी द्या.”

मी लिहायला बसलो, पण क्रम जुळेना. चटया आजच्या घरांच्या क्रमाने नव्हत्या. वाडीच्या या टोकाची चटई त्या टोकाच्या शेजारी होती. सिद्धाप्पा आणि पंचायतीचे ते सभासद, ज्यांचे एकमेकांशी बोलणे नाही, ते अगदी कुशीला कूस. आणि खोलीच्या मधोमध चार खांब. हे खांब अण्णांनी हट्टाने घातले होते. एवढ्या खोलीला खांब लागत नाहीत, असे सांगून सांगून गवंडी थकला आणि शेवटी पैसे घेऊन गप्प बसला, ही गोष्ट वाडीत सगळ्यांना माहीत होती. अण्णांच्या वेडेपणाचा एक दाखला म्हणून आम्ही ती सांगत असू.

“माझी कुठली?” मी विचारले.

“ती काय. दक्षिनेकडच्या खांबाला.”

मी त्या चटईवर जाऊन बसलो. पाठ खांबाला लागली, आणि मला एकदम कळले की मी इथे पूर्वी बसलो आहे.

आमची वाडी ही वसवलेली वाडी आहे. माझ्या लहानपणी आमचे जुने गाव काळी नदीच्या काठी होते. मी सहावीत असताना धरणाचे पाणी चढू लागले आणि आम्हाला इथे माळावर आखून दिलेल्या जागा मिळाल्या. त्या गावात रवळनाथाचे देऊळ होते आणि देवळापुढे चार खांबांचा मंडप. मिरगाच्या आधी मोठे वारे सुटले की कोणी आपापल्या घरी थांबायचे नाही, अशी तिथली रीत. प्रत्येक घरातून मूठभर तांदूळ घेऊन सगळे गाव मंडपात यायचे. एकच चूल, एकच भात, वर कुळथाचे पिठले. प्रत्येक घराची बसायची जागा ठरलेली. आमची दक्षिणेकडच्या खांबाला. आई खांबाला टेकून बसे आणि मी तिच्या मांडीवर डोके ठेवून वाऱ्याचा आवाज ऐकत असे. त्या आवाजाची भीती वाटल्याचे मला आठवत नाही. आठवते ते एवढेच, की सगळी माणसे एका जागी होती आणि कोणाचा तरी हात सतत माझ्या केसांवरून फिरत होता. तो दर वेळी आईचाच असे, असेही नाही.

आणि घरोघर जाऊन ‘चला, वारं आलं’ म्हणून सांगणारा, म्हाताऱ्यांना धरून आणणारा, मला खांद्यावर बसवून नेणारा जो वीस-बावीस वर्षांचा मुलगा होता, त्याचे नाव परसू.

नव्या वाडीत देऊळ पुढे बांधले गेले, पण मंडप झाला नाही. जागा आखीव होत्या, घरे सुटी सुटी झाली. ती रीत कोणी मोडली नाही. फक्त पुढच्या वर्षी वारा आला तेव्हा प्रत्येकाने आपापले दार लावून घेतले.

“अण्णा,” मी म्हणालो, “हा मंडप आहे.”

त्यांनी भिंतीवरच्या समुद्राकडे पाहिले. “पानी चढायच्या आदी दोरी लावून माप घेतलं हुतं मी. ती दोरी ऱ्हायली. मग म्हटलं, रिटायर झाल्यावर बगू.” मग म्हणाले, “कौलाचा करायला पायजे हुता. पन कौलाचं घर तर सगळ्यांचंच हाय. मग माझ्याकडं कशाला येतील कोन?”

मी यादी पुरी केली नाही. शाईचे कारण सांगून उठलो.

आठवड्याभरात रेडिओने अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा सांगितला. अण्णांनी बटण चिकटवले. दोन दिवस ते बटण वाडीच्या दिशेने आले. तिसऱ्या दिवशी सकाळच्या बातम्यांत सांगितले की ते पश्चिमेकडे वळले आणि ओमानकडे निघाले. ते ऐकून मी अण्णांच्या दारावरून गेलो. ते पाठमोरे उभे राहून बटण डावीकडे सरकवत होते. बाहेर सुमनने पाठवलेल्या दोन रिकाम्या पेट्या होत्या.

संध्याकाळी चारच्या सुमारास, दूध घालायच्या वेळी, मी डेअरीसमोर गेलो. माझ्या काखेत चादरीची वळकटी होती आणि मागे बायको आईला हाताला धरून आणत होती. आभाळ स्वच्छ होते. पिंपळाचे पानही हलत नव्हते.

“कुठं चाललासा गुरुजी, बिछाना घिऊन?” सिद्धाप्पाने विचारले.

“अण्णांकडे. वारा येणार आहे.”

“वारं? ते गेलं न्हवं ओमानला?”

मी आयुष्यात मुलांना पुष्कळ गोष्टी शिकवल्या, आणि त्यांतल्या बहुतेक खऱ्या होत्या. त्या दिवशी मी अगदी माझ्या नेहमीच्या, फळ्यासमोरच्या आवाजात म्हणालो, “समुद्राचे काही सांगता येत नाही. घाटाचा भरवसा मी एकदा दिला होता. आता देत नाही. मूठभर तांदूळ घेऊन या.”

‘मूठभर तांदूळ’ म्हटल्यावर रखमाक्कांनी एकदम डोक्यावरचा पदर सारखा केला. त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. त्यांना मंडप माझ्यापेक्षा स्पष्ट आठवत असणार. त्या घरात गेल्या आणि ओंजळ भरून बाहेर आल्या. “चला, मी येते. लगेच निघते,” म्हणाल्या, आणि त्या दिवशी खरोखरच लगेच निघाल्या.

सगळी घरे आली नाहीत. सात आली. पंचायतीचे सभासद आले, आणि सिद्धाप्पाशेजारची आपली चटई पाहून दारातच थबकले. शेवटी बसले. सिद्धाप्पा त्यांच्याशी बोलला नाही, पण थोडा सरकला.

अण्णा पेटीत कोट घालत होते. इतकी माणसे दारात पाहून त्यांनी कोट बाहेर काढला, मग पुन्हा आत ठेवला. अठरा घरांच्या माणसांसाठी आठ वर्षे तयारी केलेला तो माणूस माणसे आल्यावर काय करायचे हेच विसरून गेला होता. रखमाक्कांनी त्यांच्या हातात तांदूळ दिले तेव्हा ओंजळ कुठे रिकामी करावी ते त्यांना सुचेना.

“अण्णा, चुलीकडं चला,” त्या म्हणाल्या. “कुळीथ कुठं ठेवलासा?”

पिठले झाले. आई खांबाला टेकून बसली आणि थाळी मांडीवर घेऊन म्हणाली, “मंडपात ह्यात मीठ कमी पडायचं, तसंच हाय बग.” उन्हे उतरली होती, दारातून दिसणारी सुपारीची झाडे अगदी निश्चल उभी होती. सगळ्यांना ती दिसत होती. तरी कोणी उठले नाही. कोणाची म्हैस केव्हा व्याली, कोणाच्या भाताला यंदा करपा लागला, जुन्या गावातल्या विहिरीचे पाणी किती गोड होते, अशी बोलणी चालली होती.

मी अखेर अण्णांजवळ जाऊन बसलो आणि जे कौले देताना म्हणायचे राहिले होते ते म्हणालो. त्यांनी ऐकले की नाही, मला कळले नाही. त्यांचे लक्ष सात घरांच्या माणसांवर होते. ओठ हलत होते, बहुधा मोजत होते. मग ते माझ्याकडे झुकले. मी मास्तर झाल्यापासून ते मला ‘गुरुजी’ आणि ‘तुमी’च म्हणत आले होते.

“दत्तू, तू शिकलेला हायस. तूच सांग,” ते हळूच म्हणाले. “उद्या आसंल काय रे वारं?”

मी दारातून बाहेर पाहिले. निरभ्र आभाळ होते.

“असेल,” मी म्हणालो. “उद्या तर असेलच. परवाचेही सांगता येत नाही.”